गौण खनिज, गौण माणसे

हिंगोलीहून औंढ्याकडे निघाले म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे माळ लागतात, त्यांवर गारगोट्यांचा तोटा नाही. शेतकरी त्या वेचून बांधावर टाकतो, कारण कुळवाच्या पाशीला त्या नडतात. पोरे त्या अंधारात एकमेकींवर घासून त्यांतून निघणारा क्षणिक उजेड पाहतात. एखादी गारगोटी फुटली, तर आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे दिसतात. पांढरा, करडा, निळसर, क्वचित तांबूस. हाच अकीक. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा असला की जवाहिरे त्याला सुलेमानी म्हणतात, अंगठीत बसवतात आणि शनीची पीडा टळते असे सांगून विकतात. ज्याच्या शेतात तो सापडला, त्याची पीडा मात्र टळत नाही. पण तो भाग ज्योतिषात येत नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या तशाच राहिल्या आणि पुढे दीर्घ काळ त्यांत पाझरणाऱ्या पाण्याने सिलिका आणून भिंतीपासून आतल्या बाजूस एकावर एक पातळ लेप दिले. अकीकाचे पट्टे म्हणजे हे लेप. रसायनशास्त्राच्या दृष्टीने अकीक आणि गार, म्हणजे क्वॉर्ट्झ, एकच. फरक कणांच्या बारीकपणाचा आणि रचनेचा. विहीर खोदणारे वडार या पोकळ्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. खदानीचा मालक त्याला कमअस्सल दगड म्हणतो, आणि सरकार त्याला काय म्हणते हे पाहण्यासारखे आहे.

१० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून ३१ खनिजांना ‘गौण खनिज’ ठरविले. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या त्या यादीत पहिलेच नाव अकीकाचे आहे. गौण खनिज म्हणजे ज्याचे नियम करणे, परवाने देणे आणि स्वामित्वधन ठरविणे हा सर्व अधिकार राज्याचा. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच यादीतून क्वॉर्ट्झ, फेल्स्पार, अभ्रक आणि बॅराइट्स यांना बाहेर काढून पुन्हा प्रमुख खनिजांत नेण्यात आले, कारण त्यांच्या सोबतीने लिथियमसारखी मोलाची द्रव्ये सापडू शकतात असे दिल्लीच्या ध्यानात आले. एकाच सिलिकेची दोन रूपे. ज्यात बड्या भांडवलाला रस उत्पन्न झाला ते प्रमुख ठरले, उरलेले गौण राहिले. वर्गवारी शास्त्राची नसते, हितसंबंधांची असते, याचा इतका स्वच्छ दाखला पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र दगड किती मोलाचा हा नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाविषयी बोलताना आपल्या चळवळीतही जो एक युक्तिवाद सहज ओठांवर येतो, त्याची परीक्षा या दगडाच्या कसोटीवर करावयाची आहे. तो युक्तिवाद असा: कच्चा माल आमचा, कारखाने दुसऱ्यांचे, म्हणून प्रक्रिया उद्योग येथेच निघाले पाहिजेत, आणि तेही लहान, गावोगाव, घरोघर निघाले तर अधिक चांगले.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे आणि तो फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या टिपणात पैठण आणि तेर या दोन नगरांचा उल्लेख येतो. पैठणहून पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर भडोचच्या बंदराकडे जात असे. वाट नसलेल्या मुलखातून बैलगाड्या तो नेत, आणि पैठण ते भडोच हे अंतर वीस दिवसांचे होते. तेथून तो जहाजांत चढे. तेर, पैठण, भोकरदन येथील उत्खननांत अकीकाचे मणी सापडलेले आहेत, म्हणजे हा दगड ओळखणारी आणि वापरणारी वस्ती येथे होती. परंतु बाजार समुद्रकाठी होता आणि भाव तेथे ठरत होता. दोन हजार वर्षांत बैलगाडीच्या जागी ट्रक आला, इतकाच फरक झाला असे म्हणण्याचा मोह होतो. ते सर्वस्वी खरे नाही. तेव्हा निदान दगड दगड म्हणून जात होता. आज हिंगोली जिल्ह्यातील खदानीत मांजऱ्या खडकाच्या पोटात असलेली गार आणि अकीक खडीयंत्रात जाऊन काळ्या दगडाबरोबर खडी होते, ब्रासने मोजली जाते, आणि डांबराखाली गाडली जाते.

या खडीचा इतिहास मराठवाड्यातील माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो शेतकरी आणि शेतमजूर स्त्रीपुरुष रणरणत्या उन्हात खडी फोडत बसले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी होय, यात वाद नाही, आणि तिच्या कायद्यासाठी डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, हेही खरे. पण हातोड्याखाली उडणाऱ्या धुळीचा विचार त्या वेळी कोणी केला नाही. पोटात अन्न नव्हते, तेव्हा छातीत काय जाते हे विचारण्याची सवड कोणाला होती? पन्नास वर्षांनंतर तीच सबब सांगता येणार नाही.

१९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातील प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप केले आणि ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणाला दिला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा अशा शीर्षकांखाली समितीने तूट मोजली. मोजणी प्रामाणिक होती आणि तिच्यावर मराठवाड्याने आपला लढा उभा केला, तो योग्यच होता. गोविंदभाई श्रॉफ यांनी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या वतीने ही मागणी अखेरपर्यंत लावून धरली. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. पण या सगळ्या हिशेबात रस्त्याचा अनुशेष किलोमीटरमध्ये मोजला गेला. तो भरून काढताना खडी कोणी फोडली, कोणत्या वयात त्याची छाती भरून आली, हा रकाना तक्त्यात नव्हता. अर्थशास्त्राची ही जुनी खोड आहे. जे मोजता येते तेच खर्च म्हणून धरावयाचे, आणि जो खर्च मजुराच्या शरीराने भरलेला असतो त्याला बाह्य परिणाम असे सोज्वळ नाव द्यावयाचे.

आता युक्तिवादाच्या उत्तरार्धाकडे वळावे. प्रक्रिया येथे झाली म्हणजे मूल्यवृद्धी येथे राहील, असे गृहीत धरले जाते. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या गावाचा इतिहास या बाबतीत शिकण्यासारखा आहे. तेथे शेकडो वर्षे स्थानिक अकीकावर काम होत असे. तो संपत आला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात तेथील काही माणसे ब्राझील आणि उरुग्वे येथे गेली, त्यांना तेथे अकीकाच्या राशी दिसल्या, आणि पुढे तो दगड जहाजांतून जर्मनीत येऊ लागला. दगड परका, पण कसब, रंग देण्याच्या युक्त्या आणि पेढ्या आपल्या. बाजारपेठ इडारचीच राहिली. म्हणजे मूल्य दगडात नसते, ते कसबात आणि बाजारावरच्या पकडीत असते. नुसता कच्चा माल जवळ आहे म्हणून कारखाना मागणाऱ्यांनी हा धडा आधी वाचावा.

इडारचा दुसरा धडा मात्र त्या गावाच्या गौरवकथांत थोडक्यात उरकला जातो. पाण्याच्या चक्रावर फिरणाऱ्या प्रचंड वालुकाश्मी सहाणेसमोर कारागीर एका घोडीवर पोटावर पालथा झोपून, पायांनी मागे रेटा देऊन, दोन्ही हातांनी दगड सहाणेवर दाबून धरीत असे. छाती लाकडावर दाबलेली, तोंड सहाणेच्या जवळ, अंग ओले. छातीच्या विकारांनी हे कारागीर अकाली जात. जगाच्या बाजारात मिरवणाऱ्या त्या झगझगीत मण्यांची ती किंमत होती.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. भडोचच्या पलीकडे खंभात आहे. राजपिपळ्याच्या डोंगरातील रतनपूरच्या परिसरातून आलेला अकीक तेथे शतकानुशतके घडविला जातो. दगड उन्हात वाळवतात, मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात, त्यामुळे त्यातील लोहाचा रंग लाल होतो. मग लोखंडी टोकावर ठेवून शिंगाच्या हातोडीने टवके काढतात, सहाणेवर घासतात, भोक पाडतात, झिलई देतात. पुरातत्त्वाचे अभ्यासक हे कसब पाहण्यासाठी देशोदेशींहून येतात, कारण हडप्पाकालीन मणी कसे घडत असतील याचा उलगडा त्यांना या कारागिरांच्या हातांत होतो. त्या हातांच्या मालकांच्या छातीकडे पाहणारे मात्र फार थोडे निघाले. एमरीची सहाण विजेवर चालू लागली, तशी धूळ शतपट वाढली आणि ती घरातच राहिली, कारण हा उद्योग घरात किंवा घराला लागून असलेल्या छपरीत चालतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांच्या तपासण्या केल्या, धूळ ओढून घेणारे उपकरण तयार केले. वडोदऱ्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरने वर्षानुवर्षे रुग्णांची बाजू मांडली. सिलिकोसिस केवळ सहाणेवर बसणाऱ्यांनाच नव्हे, तर ज्यांनी कधी दगड हातात धरला नाही अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही झाल्याचे तेथे आढळले आहे.

सिलिकोसिस हा रोग काय आहे हे कार्यकर्त्यांना नीट माहीत असले पाहिजे. डोळ्यांना न दिसणारी सिलिकेची बारीक धूळ, विशेषतः नुकत्याच फुटलेल्या दगडाची, फुप्फुसांत खोल जाऊन बसते आणि तेथील ऊतीचे व्रणांत रूपांतर करते. काम सोडले तरी तो वाढत राहतो. तो बरा करणारे औषध नाही. त्यात क्षय लवकर जडतो, आणि जडला नाही तरी डॉक्टर अनेकदा क्षयच समजून औषधे देत राहतात. मजूर मरतो, मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला जातो, आणि क्षयाला मालक नसतो. एका शब्दाने नुकसानभरपाईचा सगळा प्रश्न संपतो.

आता प्रश्न असा, की खंभातचा अकीक उद्योग हा कोणत्या प्रकारचा उद्योग आहे? तो बड्या भांडवलदाराचा कारखाना नाही. तो विकेंद्रित आहे, श्रमप्रधान आहे, परंपरेचा आहे, घरगुती आहे, थोड्या भांडवलावर चालणारा आहे. गांधी-लोहियांच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हवी असलेली सगळी विशेषणे त्याला लागू पडतात! आणि तरीही तो माणसे मारतो. डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तो मनुष्याला यंत्राचा गुलाम होऊ न देण्यासाठी. छोटे यंत्र म्हणजे निर्दोष यंत्र, असे त्यांनी मानले असेल असे वाटत नाही. पण त्यांच्या पश्चात चळवळीने ते तसे मानून टाकले. घरातल्या सहाणेवर कारखाना निरीक्षक येत नाही, हे आपण नोकरशाहीच्या जाचातून सुटका म्हणून सांगत आलो. ज्या बाईच्या चुलीशेजारी ती सहाण फिरते आणि जिचे मूल तेथेच खेळते, तिच्या दृष्टीने ती सुटका नाही, कायद्याच्या बाहेर टाकले जाणे आहे. दलाल दगड आणून देतो, मणी मोजून नेतो, नगावर पैसे देतो; मालक म्हणून त्याचे नाव कोठेच लागत नाही. भांडवलशाहीने मोठ्या कारखान्यात जी जबाबदारी नाइलाजाने स्वीकारली, ती झटकून टाकण्यासाठी तिने घराचा आसरा घेतला आणि आपण त्याला स्वावलंबन म्हटले.

गोध्र्याची कथा याच दगडाच्या सख्ख्या भावाची. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर आणि धार या भागांतील आदिवासी गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोर येथील गारेची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. परत आले ते धापा टाकीत. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली. ती रक्कम देण्याचा आदेश मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मे २०१६ च्या निकालापर्यंत थांबावे लागले. मजूर एका राज्याचे, कारखाने दुसऱ्या राज्याचे, आणि मध्ये मेलेल्यांची यादी. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून हिंगोलीने ही कथा आपलीच समजून वाचली पाहिजे. उसाच्या तोडीवर, वीटभट्टीवर, खडीयंत्रावर जाणाऱ्या सेनगाव-कळमनुरीच्या तांड्यांवरील माणसाला तो कोणत्या धुळीत जातो आहे हे सांगणारी यंत्रणा आजही नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे, नाहीतर विरोधक ती आपल्या तोंडावर फेकतील. काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, यात मुक्त सिलिका फार थोडी असते. राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणीइतका किंवा गोध्र्याच्या भुकटी कारखान्याइतका धोका हिंगोलीच्या प्रत्येक खडीयंत्रावर आहे, असे म्हणणे अशास्त्रीय होईल. परंतु मांजऱ्या खडकात गार आणि अकीक यांचे प्रमाण वाढत जाते, आणि धोका त्या प्रमाणात वाढतो. म्हणजे खदान बदलली, थर बदलला, की उत्तर बदलते. म्हणूनच मोजणी हवी. अमुक खदानीच्या धुळीत सिलिका किती, हा आकडा तेथे काम करणाऱ्यांना मराठीत लिहून दाखविलाच पाहिजे, ही मागणी कोणत्याही मालकाला अवास्तव म्हणता येणार नाही. आकडा कमी निघाला तर त्याचेच भले आहे.

कायदा या बाबतीत काय करतो? सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच कळविणे बंधनकारक असलेला रोग आहे. १९५२ च्या खाण कायद्यात रस्त्याच्या खडीच्या लहान खदानींना खोली, मजूरसंख्या आणि सुरुंग यांच्या अटींवर सूट होती. त्या सुटीच्या फटीत किती खदानी बसविल्या गेल्या, हे त्या खदानींची खोली डोळ्यांनी पाहणाऱ्याला कळते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. जुन्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेविना २० कामगार असले की कारखाना होत असे. नव्या संहितेत ही संख्या २० आणि ४० झाली. सुलभीकरण हे त्याचे सरकारी नाव. एका खडीयंत्रावर सोळा माणसे काम करीत असतील, तर ती जुन्या कायद्याच्या मूळ आकड्याने कारखान्यातील कामगार ठरत, नव्या संहितेच्या आकड्याने ठरत नाहीत. धुळीने मात्र आपला आकडा बदललेला नाही. ती एका माणसाच्या छातीतही जाते. संहितेतच अशी सोय आहे की जीविताला धोका असलेल्या कामांना संख्येची अट न लावता सरकार अधिसूचना काढून ती लागू करू शकते. अशी अधिसूचना सिलिकेच्या धुळीच्या प्रत्येक कामासाठी निघावी, ही पहिली लढण्याजोगी मागणी आहे. ती दिल्लीतच नव्हे, मुंबईतही मागता येते.

राज्याला अधिकार नाहीत, ही सबबही उरलेली नाही. गौण खनिजांवर राज्याचे नियम आधीपासून आहेतच. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने असाही निर्णय दिला की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली, ती खाणीची झळ पोहोचलेल्यांच्या हितासाठी, आणि त्यांच्या खर्चात आरोग्याला अग्रक्रम द्यावा असे केंद्राचे निर्देश आहेत. प्रतिष्ठानाचा पैसा रस्त्यावर खर्च करून पुन्हा खडीच मागविणे, म्हणजे मजुराच्या औषधाच्या पैशाने त्याच्यासाठी आणखी धूळ विकत घेणे होय. हिंगोलीत हा पैसा कशावर खर्च झाला, याची विचारणा ग्रामसभांतून झाली पाहिजे.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केले. निदानाचा दाखला मिळताच रुग्णाला ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, शिवाय निवृत्तिवेतन. त्या धोरणाच्या अंमलात दोष असतील. पण तेथे रोगाला नाव आहे आणि रुग्णाला दाखला आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्राला हे शक्य नाही काय?

शक्य आहे याचा पुरावा महाराष्ट्राच्याच कायद्यांत पडलेला आहे. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून कोणीच मालक नाही, हा जो पेच होता तो या कायद्याने सोडविला: मंडळ स्थापन केले, व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली, आणि मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, आजारपण यांची जबाबदारी मंडळावर टाकली. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने यासाठी काय झुंज दिली हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको. खडीचाही मालक रोज बदलतो. आज ठेकेदार, उद्या पोटठेकेदार. परंतु खडी ब्रासने मोजली जाते, तिची वाहतूक परवान्यावर होते, तिचे स्वामित्वधन तहसिलीत भरले जाते. मग त्याच पावतीवर दर ब्रासमागे दगडमजूर मंडळाची लेव्ही घेण्यास अडचण कोणती? सरकार आपला हिस्सा घेण्यापुरते प्रत्येक ब्रासचा हिशेब ठेवू शकते. मजुराचा हिस्सा म्हटला की ट्रक दिसेनासे होतात. इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाच्या यादीत दगड फोडण्याचे काम आहे खरे, पण वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला नोंदणीसाठी लागतो, आणि जो ठेकेदार हजेरीपट ठेवीत नाही तो दाखला कसा देणार?

अकीकावर काम करणारे कारागीर हिंगोलीत तयार व्हावेत काय, या प्रश्नाचे उत्तर त्यानंतरच देता येईल. होय, व्हावेत, पण खंभातच्या वाटेने नव्हे. केरळात १९६९ मध्ये दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा तिने विड्या घरी नेऊन वळण्याची पद्धत मोडून कामगारांना संस्थेच्या शेडमध्ये एकत्र आणले. शेडमध्ये हजेरी असते, हजेरीबरोबर निधी येतो, आणि माणसे शेजारी बसली की संघटना होते. अकीकाची सहाण चालवावयाची, तर ती अशाच सहकारी शेडमध्ये, पाण्याच्या धारेखाली, धूळ ओढून घेणाऱ्या नळासह, आणि प्रत्येक कारागिराच्या छातीची दरवर्षी क्ष-किरण तपासणी करूनच चालविली पाहिजे. इतका खर्च करून मण्याला भाव परवडत नसेल, तर तो उद्योग परवडत नाही असे मोकळेपणाने म्हणावे आणि तो काढू नये. बेकारीने गांजलेल्या तरुणापुढे हे बोलणे कठीण आहे, याची जाणीव असली पाहिजे. निवडणुकीच्या सभेत तर ते अधिकच कठीण. परंतु जो उद्योग कारागिराच्या आयुष्यातील पंधरा-वीस वर्षे फुकट घेऊनच नफ्यात येतो, तो मराठवाड्याचा अनुशेष भरून काढीत नाही. तो अनुशेष तक्त्यातून काढून छातीत भरतो.

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी कोठे तरी आदळलेल्या कृष्णविवरांचा अतिसूक्ष्म कंप टिपण्याची ताकद. विज्ञानाचे हे मोठे काम हिंगोलीच्या खडकावर होणार याचा आनंद समाजवाद्यांना झालाच पाहिजे. विज्ञानाशी आपले वैर कधीच नव्हते. जमीन शांत असावी म्हणून या जागेची पारख देशातील शास्त्रज्ञांनी केली, इथल्या भूमीच्या बारीकशा थरथरीचे मोजमाप झाले. त्याच तालुक्यातील खडीयंत्रावरच्या धुळीचे मोजमाप करावयास लागणारा हवेचा पंप आणि गाळणकागद यांची किंमत त्या वेधशाळेच्या एका आरशाच्या तुलनेत नगण्य आहे. जिल्ह्यातील पक्षशाखांनी येत्या हिवाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील खदानी आणि खडीयंत्रे यांची यादी करावी, तेथे काम केलेल्या आणि क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा घेऊनही बरे न झालेल्या माणसांची नावे गावनिहाय लिहून काढावीत, आणि ती यादी हिंगोलीच्या जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे क्ष-किरण तपासणीच्या लेखी मागणीसह ठेवावी. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.